पालकाची सही

"तुम्ही मुलीचे कोण?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं. पंडित बोरसेने उत्तर द्यायला घसा साफ केला, तेवढ्यात शैलाच म्हणाली, "काका."

एवढंच झालं. बाईंनी मान हलवली, बशीतला उरलेला चहा संपवला आणि पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. मागे रांगेत कोणी शिंकलं. पंखा फिरत होता तसाच फिरत राहिला. पण पंडितला वाटलं, उतारावर ब्रेकवर पाय दिला आणि पाय तसाच खाली, पार पत्र्यापर्यंत गेला. शैलाच्या तोंडून हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. चार वर्षांची होती तेव्हापासून ती त्याला आबा म्हणत आली. आबा, माझी चप्पल तुटली. आबा, इंजिनचा आवाज आज वेगळा येतोय ना? आबा, पहिल्या वर्गात पास. जळगावच्या त्यांच्या गल्लीत तर तो सगळ्यांचाच आबा झाला होता, किराणावाल्यापासून गिरणीवाल्यापर्यंत, आणि त्याचं कारण ही पोर. आता काका हा शब्द काही खोटा नव्हता. ती त्याच्या धाकट्या भावाची, साक्रीकडच्या वनाची मुलगी. भावाच्या मुलीने काका म्हणू नये तर काय म्हणावं? तरी तो शब्द त्याच्या छातीत जाऊन बसला आणि बाई पुढे काय बोलल्या ते त्याला अर्धवटच ऐकू आलं.

बाई स्वभावाने बऱ्या होत्या. रांग मोठी असूनही त्यांनी नीट समजावून सांगितलं. "ही केंद्र सरकारची कर्ज-शिष्यवृत्ती आहे. शिक्षण संपून नोकरी लागली की हप्त्यांनी फेडायची. मार्क भरपूर आहेत मुलीचे, तो प्रश्न नाही. प्रश्न उत्पन्नाचा. पालकांचं उत्पन्न मर्यादेच्या आत पाहिजे, आणि पालक म्हणजे वडील. वडील हयात आहेत ना?"

"आहेत," शैला म्हणाली. "साक्री तालुक्यात. कोरडवाहू शेती आहे."

"मग त्यांचं उत्पन्न धरायचं. तहसीलदाराचा दाखला आणा. आणि हे तुझे काका काय करतात?"

"एसटीत ड्रायव्हर," पंडित म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"कायम? मग तुमच्या पगारावर ही अपात्र." बाईंनी हे इतक्या सहज सांगितलं, जसं कोणी गाडी लागलेली नाही म्हणून सांगावं. "त्यांच्या शेतीवर पात्र. फक्त एक बघा. लहानपणापासून तुमच्याकडे राहते म्हणता, तर दत्तक घेतलेली नाही ना? घेतली असेल तर तुम्हीच बाप, मग विषय संपला. नसेल तर दोघा भावांनी तसं प्रतिज्ञापत्र करून द्या, कोर्टाच्या आवारात कोणीही वकील करून देईल. अर्जावर पालकाची सही वडिलांची. आणि एक जामीनदार लागतो, पगारदार. ते तुम्ही होऊ शकता."

बाहेर आल्यावर शैलाने सायकलचं कुलूप काढलं. तिला परभणीला जायचं होतं, गुरांच्या डॉक्टरकीला. प्रवेश मिळाला होता. वसतिगृह, खानावळ, पुस्तकं, पांढरा कोट, गमबूट, या सगळ्याला लागणार होतं ते पंडितच्या पगारातून निघण्यासारखं नव्हतं. बायकोच्या, द्रौपदाबाईच्या ऑपरेशनसाठी काढलेलं पतपेढीचं कर्ज अजून दर महिन्याला कापलं जात होतं. तरी तो म्हणाला होता, मी करतो काहीतरी. तेव्हा शैलाने त्याच्याकडे असं बघितलं होतं की तो गप्पच बसला. "माझं शिक्षण, आबा. कर्जही माझ्याच नावावर असू द्या."

घरी द्रौपदाबाईने सगळं ऐकून घेतलं. ती मेथी निवडत होती. दत्तक हा शब्द आला तेव्हा तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू लागले. "म्हंजे आपुन लिखी देवानं, का ही पोर आपली नही?"

"दत्तक नाही असं लिहायचं," पंडित म्हणाला.

"तेच ते." तिने निवडलेली मेथी उचलली आणि आत गेली. नंतर जेवताना तिने शैलाच्या ताटात नेहमीपेक्षा जास्त तूप वाढलं आणि पंडितला वाढायचं विसरली. त्याने मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला जळगाव-नवापूर गाडी होती. शैला त्याच गाडीने निघाली, साक्रीला उतरायला. वनाला निरोप गेला होता, तो स्टँडवर भेटणार होता. ती ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला लागून बसली, लहानपणी बसायची तिथेच. कंडक्टर अभिमन तिचं तिकीट फाडताना म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आमच्या म्हशीला तेवढं बघायला या हं." ती हसली. ते हसणं पंडितने वरच्या आरशात पाहिलं आणि गाडी काढली. बांभोरीच्या पुलावर गिरणा लागली. पाणी बाजूला एका धारेत, बाकी सगळी वाळू आणि वाळूत गाढवं. नदीच्या या रिकाम्या जागेलाही पात्रच म्हणतात, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण शब्दांवर विचार करायची त्याला सवय नव्हती. पाणी असो नसो, पात्र ते पात्र. आणि मी अपात्र. कायम नोकरी, वेळेवर पगार, आजवर एक अपघात नाही, आणि त्यामुळेच अपात्र. वना मात्र पात्र. वनाचं रान पावसावर, दोन साल पिकतं तर एक साल जळतं, त्यामुळे वना पात्र. यात वनाचा राग यावा असं काही नव्हतं आणि राग येत नव्हताही. पाळधी गेलं, एरंडोल आलं, लोक चढले, उतरले, केळीचे घड टपावर गेले, आणि पंडितच्या मनात ती गोष्ट पुन्हा सुरू झाली, जी तो एरवी मनात येऊ देत नसे.

शैला जळगावला आली ती थोड्या दिवसांसाठीच. वनाची बायको लिलाबाई दुसऱ्या बाळंतपणात तापाने पडली होती आणि ताप निघता निघेना. घरात तान्हं पोर, वर ही चार वर्षांची. पंडित साक्रीवरूनच गाडी न्यायचा, तर येताना तिला घेऊन आला, याच जाळीला टेकून ती झोपली होती, तोंडात अंगठा. द्रौपदाबाईची कूस दोनदा भरली होती आणि दोनदा रिकामी झाली होती. तिने दार उघडलं, पंडितच्या खांद्यावरचं पोर बघितलं आणि एक शब्द न विचारता दोन्ही हात पुढे केले. पुढे लिलाबाई बरी झाली, शेतात जायला लागली. दिवाळीला वना पोरीला न्यायला आला. सकाळी आला, अंघोळ केली, जेवला, ओसरीवर बसला. शैला द्रौपदाबाईच्या मांडीला टेकून झोपली होती आणि द्रौपदाबाई पाय आखडले तरी हलत नव्हती. वना ते बघत होता. संध्याकाळची गाडी धरायला तो उठला तेव्हा एकटाच उठला. "शाळाना टाइम व्हयना," पोरीची शाळेची वेळ झाली, एवढंच म्हणाला, "नंतर दखूत." ते नंतर पुढे आलंच नाही. कोणी विषय काढला नाही. पण दर सुटीत, दर दिवाळीला पंडितच्या मनात एक काटा खुपायचा, की यंदा वना म्हणेल, चला, आता पोर घरी येऊ द्या. पोर चांगली शिकली, अंगाने भरली, तसा तो काटा मोठा होत गेला.

पारोळ्याच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात उभी होती. त्याने गाडी हळू केली, हॉर्न दिला. मागून जाळीतून शैला म्हणाली, "आबा, थांबा, गाभण आहे ती." तो थांबला. म्हैस आपल्या चालीने बाजूला गेली. आबा म्हणाली. त्याने ते ऐकलं आणि तेवढ्यावर एरंडोल-पारोळा रस्त्याचे सगळे खड्डे त्याला माफ झाले. मग लगेच दुसरा विचार आला, की हे म्हशींचं वेड हिला माझ्याकडून आलेलं नाही. मी हिला काय दिलं? आवाजावरून गाडी ओळखायला शिकवलं. डोळे मिटून सांगायची, आबा, ही टाटा, ही लेलँड. गल्लीतली पोरं पैज लावायची आणि हरायची. तेव्हा त्याला वाटायचं, ही माझी. मग एका उन्हाळ्यात ती साक्रीला गेली आणि वनाच्या गोठ्यात गाय विताना तिने पाहिलं. वासरू अडलं होतं. वनाने तिला बोलावलं, तिला हात धुवायला लावले, तेल लावलं, आणि तिचा लहानसा हात आपल्या हातात धरून आत कसं चाचपायचं ते दाखवलं. जळगावला आल्यावर पुढचे कितीतरी दिवस ती त्याखेरीज दुसरं काही बोलत नव्हती. त्याचे पाय किती मऊ होते आबा, खुरं नसतात हो, पांढरं पांढरं मऊ असतं. द्रौपदाबाई नाक मुरडायची आणि तरी ऐकायची. पंडितने ऐकलं आणि हसला, पण त्या दिवसापासून त्याला कळलं होतं की या पोरीत वनाचं काहीतरी आहे, आणि ते वनाने दिलं नाही, आपोआपच आलं आहे. गाड्यांचे आवाज ती पुढे विसरून गेली.

शाळेत नाव घालायला गेला होता तोही दिवस त्याला आठवला. गुरुजींनी विचारलं होतं, वडिलांचं नाव? तेव्हा शैलाने त्याचं बोट धरलेलं होतं, घामाने ओलं. आपलं नाव सांगायला तोंड उघडलं की साक्रीच्या ओसरीवर बसलेला वना दिसला, आणि त्याने सांगितलं, वना. शैला वना बोरसे. पुढे सगळ्या वर्गांत हजेरीला तेच नाव. बक्षीस समारंभाला तेच नाव, लाऊडस्पीकरवरून, आणि टाळ्या वाजवताना द्रौपदाबाई शेजारच्या बाईला सांगायची, आमचीच. त्या नावाचंच आज पुण्य झालं, असं अभिमन म्हणाला असता. त्या नावामुळेच तर पोर पात्र ठरणार होती. पंडितला हे पटत होतं, आणि पटूनही गोड लागत नव्हतं.

धुळ्याला गाडी भरली. पांझरा ओलांडली, कुसुंबा, नेर, शेवाळी. साक्रीच्या स्टँडवर वना उभा होता, डोक्याला टोपी, पायात नव्या वहाणा, जणू लग्नाला निघालेला. शैला उतरली, त्याच्या पाया पडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. लहानपणापासून तो तिला असाच हात लावायचा, उसनं भांडं हाताळावं तसा, जपून. पंडित कॅबिनमधून खाली उतरला नाही. "येताना भेटतो," म्हणाला. गाडी निघाली.

साक्रीच्या पुढे दहिवेल, मग कोंडाईबारीचा घाट. या घाटात पंडित कधी बोलत नसे. मागची जाळीजवळची जागा एका म्हाताऱ्या भिल्लिणीने घेतली होती, मांडीवर कोंबडी. वळणावर वळण येत होतं आणि पंडितच्या मनात साक्रीच्या तहसील कचेरीचं बाक येत होतं, त्यावर शेजारी शेजारी बसलेले बापलेक. कारकून विचारणार, हे कोण? शैला म्हणणार, वडील. आज ती दिवसभर तेच म्हणणार. आणि तो शब्द बोलून बोलून सवयीचा झाला तर? संध्याकाळी वना म्हणेल, इतकं आलीस तर राहा चार दिवस, आई वाट बघतेय. तिने राहावं. का राहू नये? तिची आई आहे ती. आणि मग परभणीला जायला ती साक्रीहूनच निघेल, सुटीला साक्रीलाच येईल, आणि जळगावच्या घरात मेथी निवडणारी द्रौपदाबाई... तेवढ्यात समोरून ट्रक आला, त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. ट्रकवाल्याने हात केला. त्यानेही केला. आपले हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले आहेत हे त्याला तेव्हा दिसलं. नवापूरला त्याने भाकरी सोडली आणि तशीच बांधून ठेवली. अभिमन म्हणाला, "आबा, तुमी पोरीला नवऱ्याघरी घालून आल्यासारखे बसले." पंडित म्हणाला, "गप रे," आणि मग थोडं हसला, कारण ते खरंच होतं.

परत साक्री आली तेव्हा उन्हं कलली होती. शैला आणि वना स्टँडच्या बाकावर बसले होते, दोन टोकांना, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. शैलाचे डोळे सुजले होते. पंडितला खाली उतरताना पायरी नीट दिसली नाही.

"दाखला?"

"झाला," शैला म्हणाली.

"मग?"

शैलाने वनाकडे बोट केलं. वनाने टोपी काढली, मांडीवर ठेवली. "भाऊ, मी सही करनार नही."

"कसाले?"

"कागदवर लिखेल शे, मी बाप. वहिनीले मी काय तोंड दखाडू? दिन्हेली पोर पाछी लेवानी का?"

दिलेली पोर परत घ्यायची का, असं वना विचारत होता. दिलेली. पंडित इतकी वर्षं या एका शब्दासाठी थांबला होता आणि आता तो शब्द आला तो अशा वेळी, की घेता येत नव्हता. तो बाकावर मधल्या रिकाम्या जागेत बसला. "अरे, पाछी कोन ले ऱ्हायनं? कागद शे निस्ता."

"कागद शे म्हनीसन तर. कागद ऱ्हास, मानूस जास. तू सही कर. बाप तू शे."

"मी केली तर ती जाऊच शकत नाही. माझा पगार आडवा येतो. बाप तू शे."

"नही, तू."

"वना, ऐक..."

"नही भाऊ. तू."

चहावाला किटली धरून बघत उभा राहिला. अभिमन कंट्रोलरच्या खिडकीशी होता, त्याने एक नजर टाकली आणि मोठ्याने म्हणाला की मागचं चाक जरा बघावं लागेल, वेळ लागेल, आणि खरोखरच चाकाजवळ जाऊन बसला.

"बास," शैला म्हणाली. ती उभी राहिली होती. "हे म्हणतात ती तुझी, तुम्ही म्हणता ती तुझी. इतकं चांगलं वागता दोघं एकमेकांशी की मी कोणाचीच राहत नाही. दुपारपासून हेच ऐकतेय. आणि आबा, काल त्या बाईंनी विचारलं तेव्हा मी किती वेळ तुमच्याकडे बघत होते, माहितीये? म्हटलं, आबा काय सांगतात बघू. तुम्ही घसा खाकरत बसलात. मागे एवढी रांग. म्हणून म्हटलं मी काका. म्हटल्यावर..." तिने पदर नसलेल्या खांद्याला तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "मला बाप ठरवायचा नाहीये. मला परभणीला जायचंय."

पंडित बघत राहिला. किती वेळ? त्याला तर वाटलं होतं, त्याने तोंड उघडायच्या आतच ती बोलली. तेवढ्या वेळात तो कुठे होता? बहुतेक शाळेत, गुरुजींच्या समोर, ओलं बोट धरून. तेव्हापासून तो त्याच एका प्रश्नाला उभा होता आणि त्याला वाटत होतं की तो एकटाच उभा आहे. पोरही तिथेच उभी होती, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिला कुणी परत नेईल या भीतीत तिची भीती काय असेल याचा विचारच राहून गेला. त्याला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ती मोठी झाली होती आणि स्टँड भरलेलं होतं. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, एवढंच केलं. तिनेही ती सोडली.

मग तो वनाकडे वळला. "वना, एक सांग. त्या दिवाळीले तू उना व्हता. पोर तू दिन्ही व्हती, का निस्ती ठेवी व्हती?"

वनाने टोपीची घडी घातली, उलगडली. "मी काय बोलनूच नही, भाऊ," तो म्हणाला. "दिन्ही म्हंतू तर लिला जीव दी देती. लई जास म्हंतू तर वहिनी. दोन्ही बाया जगाले पाह्यजे व्हत्या. मंग मी म्हंत, ऱ्हाऊ दे तशेच."

दिली म्हटलं तर लिलाने जीव दिला असता, नेतो म्हटलं तर वहिनीने; म्हणून राहू दे तसंच. पंडितला एकदम हसू आलं, असं की डोळ्यांत पाणी आलं. ओसरीवरचा वना त्याला पुन्हा दिसला, पण आता निराळा. तो दिवसभर गप्प बसलेला वना काही ठरवता न येणारा वना नव्हता. त्याने ठरवलं होतं. काही न बोलायचं ठरवलं होतं, आणि ते चौदा वर्षं पाळलं होतं, आणि त्यात त्याचं स्वतःचं काय झालं ते कोणी विचारलं नव्हतं.

"मग खोटं काहीच नाही," पंडित म्हणाला. "तू दिली नाहीस, मी घेतली नाही. तसंच लिहू. कर सही."

"अन् तू?"

"मी जामीनदार. तिने फेडलं नाही तर सरकार माझ्याकडे येईल."

"मी फेडणारेय," शैला नाक ओढत म्हणाली.

"ते मी सरकारला सांगतो," पंडित म्हणाला, आणि तिला हसू आलं, रडता रडता. वनाने टोपी डोक्यावर घातली. अभिमन चाकापासून उठला, हात झटकले आणि म्हणाला, "चाक बरोबर आहे."

वना त्यांच्याबरोबर धुळ्याला आला; तिथे पंडितने दुसऱ्या दिवसाची रजा टाकली आणि गाडी पुढे न्यायला डेपोतल्या दुसऱ्या ड्रायव्हरकडे दिली. रात्री ते एका नातेवाईकाकडे राहिले आणि सकाळी कोर्टाच्या आवारात गेले, तर लिंबाखाली वकिलाच्या टेबलाजवळ द्रौपदाबाई आधीच येऊन बसलेली. अभिमनने रात्री जळगावला घरी निरोप दिला होता आणि ती पहिली गाडी धरून एकटीच आली होती. ती वनाकडे बघून म्हणाली, "वनाभाऊ, चहा लिना का?" आणि पिशवीतून दशम्या काढल्या. टायपिस्टने कागद काढला, वकिलाने वाचून दाखवला. सदर मुलीस आम्ही दत्तक घेतलेले नाही, ती केवळ शिक्षणाकरिता आमच्याकडे राहत आहे. केवळ या शब्दापाशी द्रौपदाबाईने पंडितकडे पाहिलं.

"साहेब," ती म्हणाली, "त्यात असं लिहिता येईल का, की तिला गोवर निघाला तेव्हा मी एकवीस दिवस मीठ खाल्लं नाही?"

वकील चांगला माणूस होता. "लिहायला हरकत नाही, अक्का," तो म्हणाला, "पण मग अर्ज लटकेल."

"मग राहू द्या," ती म्हणाली. दोघा भावांनी सह्या केल्या. वनाची सही वाकडीतिकडी, मोठ्या अक्षरांची, ओळीच्या वर गेलेली. द्रौपदाबाईने ती निरखून बघितली आणि दशमीचा शेवटचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

ऑगस्टमध्ये कळलं की शैला पात्र ठरली. पैसे यायला दिवाळी उजाडणार होती, पण तेवढं अभिमनने आणि डेपोतल्या दोघातिघांनी मिळून भागवलं. परभणीला पोचवायला कोण जाणार यावर मात्र घरात थोडी धुसफूस झाली. पंडितला रजा होती. द्रौपदाबाई म्हणाली, मुलींच्या वसतिगृहात तुमचं काय काम, मी जाते. साक्रीहून निरोप आला की लिलाबाईही येते आहे. दोघी जावा इतक्या वर्षांत एका घरात दोन दिवसांहून जास्त राहिल्या नव्हत्या. आता मनमाडला गाडी बदलून परभणीपर्यंत बरोबर जाणार होत्या, मध्ये पोर बसवून. जळगाव स्टेशनवर त्यांची वळकटी, ट्रंक, लाडवांचे दोन डबे, एक साक्रीचा, एक जळगावचा. कोणाचा आधी उघडायचा यावर शैलाने आत्ताच सांगून टाकलं की दोन्ही एकदम. लिलाबाई पहिल्यांदाच आगगाडीत बसत होती. तिने द्रौपदाबाईचा दंड धरला तो सोडलाच नाही, आणि द्रौपदाबाईने तो सोडवून घेतला नाही.

शैला खिडकीतून फलाटावर उभ्या पंडितच्या आणि वनाच्या पाया पडायला वाकली, हात पोचले नाहीत, तेव्हा तिने दोघांचे हात एकदम धरले. "आबा, गोळ्या वेळेवर घ्या. बाबा, तांबड्या गाईच्या पायाला हळद लावत राहा, मी दिवाळीत बघते." गाडीने धक्का दिला. हात सुटले. आत द्रौपदाबाई काहीतरी ओरडून सांगत होती, चुलीचं किंवा कुलपाचं, ऐकू आलं नाही.

पंडित बघत उभा राहिला. खिडकी लहान होत गेली, तिच्यातून हलणारा हात लहान होत गेला. आयुष्यभर तो गाडी घेऊन निघून जाणारा माणूस. मागे उभं राहायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. छातीत काहीतरी गाडीबरोबर ओढत चाललं होतं आणि ते तुटतही नव्हतं. त्याला वाटलं, शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत असंच बघत राहावं, निदान तेवढं तरी.

वनाने त्याच्या कोपराला धरलं. तो गाडीकडे बघत नव्हता. त्याने आधीच पाठ फिरवली होती, आणि त्याचा चेहरा शांत होता, रोजचं काम करणाऱ्या माणसासारखा.

"चाल भाऊ," तो म्हणाला. "गाडी दिसस तवलोंग उभं राहानं नही. मंग भलता तरास व्हस."